मित्रास पत्र: देवदत्त रात्री जेवतो का?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नव्हे. तू विचारलेला प्रश्न दोन वाक्यांत उडवून लावण्याजोगा नाही, आणि मागच्या भेटीत मी तो तसाच उडवून लावला याची मला मनापासून खंत आहे. तू म्हणाला होतास, की कृष्णद्रव्य, म्हणजे विश्वात आहे असे मानलेले पण प्रकाश न देणारे द्रव्य, आजवर कोणी पाहिलेले नाही, कोणाच्या हाती लागलेले नाही, तरी विज्ञानाची माणसे ते आहे असे म्हणतात. मात्र दुसऱ्या कोणी न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवला, की तीच माणसे त्याच्याकडे पुरावा मागतात. हा न्याय कुठला? त्यावर "गणित तसे सांगते" एवढे बोलून मी विषय बदलला. ते उत्तर नव्हते. आज ते नीट द्यायचा प्रयत्न करतो.

आधी एक सोयीचे उत्तर बाजूला ठेवतो. डोळ्यांनी पाहणे हेही शेवटी अनुमानच, तेव्हा दिसणाऱ्यात आणि न दिसणाऱ्यात फरक तो काय, असे पुष्कळ जण म्हणतात. यात तथ्य आहे, पण त्याने तुझ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. प्रश्न नुसता धूसर होतो. मला त्याऐवजी एक घडलेली गोष्ट अधिक बोलकी वाटते. १६१२ च्या डिसेंबरात गॅलिलिओ गुरूच्या चंद्रांची निरीक्षणे करत होता. त्याच्या टिपणांत गुरूजवळ एक बारीक तारा दाखवलेला आहे. तो तारा नव्हता, नेपच्यून होता. गॅलिलिओने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, वहीत नोंदवला, आणि आपण काय पाहिले हे त्याला कधीच कळले नाही. उलट २३४ वर्षांनंतर एका गणितज्ञाने दुर्बिणीला डोळा न लावता तोच ग्रह कुठे आहे ते सांगितले. पाहणे आणि जाणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी यावरून तुला मान्य व्हावे.

आता मूळ मुद्दा. आपल्या शास्त्रकारांनी अनुमानाचे जे उदाहरण घोकून घेतले, ते धूर आणि अग्नीचे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. पण हे अनुमान चालते ते स्वयंपाकघराच्या जोरावर. धूर आणि अग्नी आपण तिथे अनेकदा एकत्र पाहिलेले असतात, म्हणून डोंगरावर नुसता धूर पुरतो. विज्ञानाची खरी अडचण अशी, की त्याला पुष्कळदा स्वयंपाकघरच नसते. पृथ्वीचा गाभा किंवा न्यूट्रिनो नावाचा सूक्ष्म कण आधी कुठेतरी प्रत्यक्ष पाहून ठेवलेला नसतो. म्हणून मला मीमांसा दर्शनाच्या पंडितांचे दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटते: देवदत्त लठ्ठ आहे, तो दिवसा जेवत नाही, त्याअर्थी तो रात्री जेवत असला पाहिजे. याला त्यांनी अर्थापत्ती म्हटले. दोन गोष्टी खऱ्या आहेत, त्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि तिसरी मानल्याशिवाय त्यांचा मेळ बसत नाही. पण हे उदाहरण वाचताना माझ्या मनात नेहमी एक शंका येते, आणि माझ्या मते सगळे विज्ञान त्या शंकेतच आहे. देवदत्त लठ्ठ नसेल आणि त्याला सूज आली असेल तर?

युरेनसचा शोध विल्यम हर्शेलने १७८१ मध्ये लावला. पुढच्या साठ वर्षांत लक्षात आले, की हा ग्रह गणिताने दाखवलेल्या जागेवर राहत नाही. फरक केवढा, तर सुमारे दोन कला, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीचा जेमतेम पंधरावा भाग. एवढ्याशा फरकासाठी एक अख्खा ग्रह मानायचा, हे धाडस फ्रान्समध्ये गणितज्ञ लव्हेरिएने आणि इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्सने, एकमेकांना ठाऊक नसताना, केले. लव्हेरिएचे पत्र बर्लिनच्या वेधशाळेत २३ सप्टेंबर १८४६ रोजी पोहोचले आणि त्याच रात्री गालेने दुर्बीण रोखली. तो दिसणारे तारे एकेक करून सांगत होता आणि त्याचा तरुण सहकारी नकाशावर ते पडताळत होता. थोड्याच वेळात तो सहकारी ओरडला, की हा तारा नकाशात नाही. सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत तो ग्रह सापडला होता.

या कथेतला एक तपशील लोक सहसा वगळतात, तो मी वगळणार नाही. लव्हेरिएने नेपच्यूनचे सूर्यापासूनचे अंतर चुकीचे धरले होते. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराच्या ३६ पट, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात ते ३० पट निघाले. म्हणजे त्याच्या अनुमानाने वस्तू दाखवली, तिची त्या रात्रीची दिशा अचूक दाखवली, पण तिच्याविषयीचे सगळेच काही बरोबर सांगितले नाही. अनुमानाकडून आपण किती मागावे, याचे भान मला या तपशिलाने आले.

आता याच माणसाची दुसरी गोष्ट ऐक. बुधाची कक्षाही हिशेबाप्रमाणे वागत नव्हती. तिचा सूर्याजवळचा बिंदू शंभर वर्षांत जितका सरकायला हवा, त्यापेक्षा थोडा जास्त सरकत होता. आजच्या मोजमापाप्रमाणे ४३ विकला जास्त (एक विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). लव्हेरिएने १८५९ मध्ये तेच अनुमान पुन्हा केले: बुधाच्याही आत, सूर्यालगत, एखादा न दिसलेला ग्रह असावा. फ्रान्समधल्या एका गावच्या डॉक्टरने सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकताना पाहिल्याचे कळवले, लव्हेरिए स्वतः त्याला भेटून आला, आणि त्या ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळाले. पुढे कित्येक खग्रास ग्रहणांत लोकांनी तो शोधला. सूर्यबिंबावरून तो अमुक दिवशी जाईल अशी भाकिते झाली, ते दिवस आले आणि गेले, बिंबावर काही उमटले नाही. लव्हेरिए वारला तेव्हाही त्याचा व्हल्कनवरचा विश्वास ढळलेला नव्हता. त्याच्या मृत्यूची तारीख २३ सप्टेंबर १८७७, म्हणजे नेपच्यून सापडल्याचाच दिवस. १९१५ च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचे नवे गणित मांडले आणि त्यातून त्या जादा ४३ विकला कोणताही ग्रह न मानता आपोआप निघाल्या. युरेनसचा देवदत्त खरोखर रात्री जेवत होता. बुधाच्या देवदत्ताला सूज आली होती.

एकच माणूस, एकच पद्धत, तेच कौशल्य, आणि एकदा खरे, एकदा खोटे. मला या जोडीइतके शिकवून जाणारे दुसरे काही विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच आढळले आहे. नुसते "मेळ बसवण्यासाठी मानावे लागते" हे कारण पुरत नाही, हे त्यातून दिसते. ते दोन्ही वेळा सारखेच होते. फरक पडला तो पुढच्या पायरीवर. नेपच्यून अमुक रात्री अमुक जागी दिसेल असे म्हटले आणि तो दिसला. व्हल्कननेही असाच शब्द दिला आणि तो पाळला नाही. दोघांनीही स्वतःला अशा ठिकाणी बांधून घेतले होते, की जिथे त्यांना नाकारता आले असते. तू ज्या दुसऱ्या विश्वासांची तुलना करतोस, त्यांच्याकडे माझे मागणे "दाखव" असे नसते. "तुझे म्हणणे कधी, कुठे आणि किती खोटे ठरू शकेल ते आधी सांग" एवढेच असते.

ग्रहाला निदान दुर्बिणीतून पाहता तरी आले. पण जिथे ती सोयही नाही, तिथे काय करायचे? आपल्या पायाखालचीच गोष्ट घे. माणसाने खणलेले सर्वांत खोल भोक रशियातील कोला इथले, १२ किलोमीटरांहून थोडे जास्त. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे आपण साल खरवडली, फळाच्या आतपर्यंत गेलोच नाही. तरी आत खोलवर वितळलेल्या धातूचा गाभा आहे आणि त्याच्या पोटात पुन्हा एक घन गोळा आहे, असे आपण ठामपणे सांगतो. पहिली शंका वजनावरून आली. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पट आहे, तर पृष्ठभागावरचे खडक साधारण पावणेतीन पट. मग उरलेले वजन खाली कुठेतरी असले पाहिजे. बाकीचे भूकंपांनी सांगितले. भूकंपाच्या प्राथमिक लहरी घन आणि द्रव दोन्हींतून जातात, दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. आणि पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला दुय्यम लहरी सरळ मार्गाने पोहोचतच नाहीत. प्राथमिक लहरीही गाभ्याच्या सीमेवर वाकतात, त्यामुळे भूकंपकेंद्रापासून साधारण १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात त्यांची सावली पडते. तिथल्या यंत्रांवर त्या उमटू नयेत.

१९२९ मध्ये न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला, आणि त्या सावलीत काही ठिकाणी क्षीण, पण स्पष्ट लहरी उमटल्या. डेन्मार्कमध्ये इंगे लेमान या शास्त्रज्ञ बाईंनी त्या नोंदी मन लावून तपासल्या. त्या काळी संगणक नव्हते. त्यांच्या एका नातलगाने सांगून ठेवलेली आठवण आहे: रविवारचा दिवस, बाग, हिरवळीवर मोठे टेबल, आणि त्यावर ओटच्या रिकाम्या खोक्यांत भूकंपांची आणि लहरी पोहोचल्याच्या वेळांची कार्डे. त्या कार्डांवरून लेमान यांनी १९३६ मध्ये दाखवले, की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गोळा मानला, तर त्यावरून परतलेल्या लहरी नेमक्या त्याच सावलीत, त्याच वेळी पोहोचतील. तो गोळा घन आहे याची खात्री व्हायला आणखी काही दशके जावी लागली. १९६४ च्या अलास्का भूकंपासारख्या प्रचंड धक्क्यांनी सबंध पृथ्वी घंटेसारखी घुमते, आणि त्या घुमण्याच्या सुरांचा हिशेब १९७१ मध्ये लागला, तो आतला गोळा घन मानल्यावरच. खोक्यांतल्या कार्डांचा आणि या सुरांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दोघांनी एकाच गोळ्याकडे बोट दाखवले. हे चित्र डोळ्यांपुढे आणले, की मला आजही भरून येते.

दोन अनोळखी साक्षीदारांचे म्हणणे जुळणे, ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट, म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळतो. कॉलेजात असताना मी एकदा दुधाचा थेंब पुष्कळ पाण्यात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. स्निग्धाचे बारीक गोल कण दिसले आणि ते सगळे थरथरत होते. वाहत्या पाण्यातल्यासारखे सगळे एका दिशेला नव्हे. शेजारचे दोन कणही एकमेकांची पर्वा न करता, एक इकडे, दुसरा तिकडे. मला वाटले, थेंब स्थिरावला की थांबतील. काचेच्या कडा नखांच्या रंगाने बंद करून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले. थरथर तशीच होती. रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये परागांतल्या कणांची हीच हालचाल पाहिली तेव्हा त्याला वाटले, ही सजीवाची खूण असावी. मग त्याने काच, खडक, इतकेच काय, इजिप्तच्या स्फिंक्सचा तुकडा कुटून त्याची धूळही पाण्यात टाकून पाहिली. तीही थरथरली. मी जे पाहत होतो, ते न दिसणाऱ्या रेणूंनी दिसणाऱ्या कणाला दिलेले धक्के होते.

पण एवढ्यावरून अणू आहेत असे कोणी मानू नये, आणि त्या काळच्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी मानलेही नाही. ओस्टवाल्ड आणि माख यांच्या लेखी अणू म्हणजे हिशेबाची सोय. हे चित्र पालटले ते जाँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने. १९०८ च्या सुमारास त्याने एका झाडाच्या डिंकाचे एकसारख्या आकाराचे सूक्ष्म कण तयार करून पाण्यात सोडले आणि वेगवेगळ्या उंचीवर किती कण आहेत ते मोजले. हवा जशी वर जावे तशी विरळ होते आणि पाच-साडेपाच किलोमीटरांवर निम्मी होते, तसेच हे कण विरळ झाले पाहिजेत असा त्याचा कयास होता. त्याने तेरा हजार कण मोजले. तीस-तीस सहस्रांश मिलिमीटर वर गेले, की शंभराचे सत्तेचाळीस, मग तेवीस, मग बारा. जवळजवळ दर वेळी निम्मे! एवढ्या इवल्या थरातही वातावरणाचाच नियम. हवा निम्मी व्हायला किलोमीटर लागतात आणि या कणांना सहस्रांश मिलिमीटर, या फरकावरून रेणूचे वजन निघाले, आणि वजनावरून ठरावीक मापात किती रेणू मावतात ती संख्या निघाली: सहावर तेवीस शून्ये, या घरातली. मग पेरँने ती संख्या दुसऱ्या वाटांनी काढलेल्या उत्तरांशेजारी ठेवली. वायूंच्या चिकटपणावरून, आकाशाच्या निळाईवरून, तापलेल्या वस्तूच्या प्रकाशावरून, किरणोत्सारावरून. या वाटांना एकमेकींचे नावही ठाऊक नव्हते आणि सगळ्या एकाच आकड्याच्या आसपास येऊन थांबल्या. अणू नसतील, तर हे जुळावे का, याचे काहीच कारण देता येत नाही. ओस्टवाल्डने १९०९ मध्ये जाहीरपणे मत बदलले. त्याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

न्यूट्रिनोची कथा तू ऐकली आहेस, म्हणून लांबवत नाही, पण तिच्यातली एक गोष्ट तुझ्या प्रश्नाशी थेट भिडते. काही किरणोत्सारी अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात तेव्हा ऊर्जेचा हिशेब लागत नव्हता. १९२७ मध्ये अशा एका पदार्थाची उष्णता मोजली, तर अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा हाती लागली. नील्स बोर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच सोडायला तयार होता, म्हणजे सुजेच्या बाजूने. पाउलीने ४ डिसेंबर १९३० च्या पत्रात दुसरा पक्ष घेतला: एक न दिसणारा कण उरलेली ऊर्जा घेऊन निसटतो. हा आपला निरुपायाचा उपाय आहे, असे त्याने स्वतःच लिहिले. तो कण पकडायला २६ वर्षे लागली. राइन्स आणि काउअन यांनी अमेरिकेतील एका अणुभट्टीशेजारी, जमिनीखाली, पाण्याच्या टाक्या ठेवल्या. न्यूट्रिनो पाण्यातल्या प्रोटॉनवर आदळला, तर आधी प्रकाशाची एक खूण आणि काही दशलक्षांश सेकंदांनी दुसरी, अशी जोडखूण मिळणार होती. भट्टीतून न्यूट्रिनोंचा लोंढा येत असतानाही अशा जोडखुणा मिळाल्या तासाला जेमतेम तीन. मग त्यांनी आपल्याच शोधावर उलटतपासणी सुरू केली. भट्टी बंद केली, खुणा घटल्या. साध्या पाण्याच्या जागी बरेचसे जड पाणी, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी त्याचे जड भावंड असलेले पाणी, घातले, प्रोटॉन कमी झाले, खुणाही त्या प्रमाणात कमी झाल्या. टाक्यांभोवती ओल्या भुशाची पोती रचून भट्टीतून येणारे इतर कण अडवले, खुणा होत्या तेवढ्याच राहिल्या. आपलेच म्हणणे मोडायचा एवढा प्रामाणिक खटाटोप पाहिला, की मला तो कण "न दिसलेला" म्हणवत नाही.

आता कृष्णद्रव्य. इथे मी तुला अर्धे मान्य करतो. सूर्यमालेत बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो आणि नेपच्यून पाच-साडेपाच, कारण दूर जावे तशी सूर्याची ओढ कमी होते. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेच्या, म्हणजे ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहाच्या, फिरण्याचा वेग मोजला, तर कडेला तो असा उतरत नव्हता. झ्विकीला १९३३ मध्येच दीर्घिकांच्या एका समूहात हीच विसंगती आढळली होती. म्हणजे एक तर तिथे न दिसणारे द्रव्य आहे, नाही तर गुरुत्वाकर्षणाचा नियम तिथे वेगळा आहे. मिल्ग्रोमने १९८३ मध्ये नियम बदलण्याची वाट दाखवली, आणि दीर्घिकांच्या वेगांपुरती ती इतकी चांगली चालते, की तिला हसण्यावारी नेणे मला बरोबर वाटत नाही.

तरी माझा कल द्रव्याकडे आहे, आणि तो पेरँच्याच कारणासाठी. विश्वाच्या बाल्यावस्थेतून आलेल्या प्रारणातील चढउतारांवरून साधे द्रव्य किती आणि कृष्णद्रव्य किती हे निघते. कृष्णद्रव्य साधारण पाचपट भरते. साध्या द्रव्याचा आकडा हायड्रोजनच्या जड भावंडाच्या, म्हणजे ड्युटेरियमच्या, प्रमाणावरून अगदी वेगळ्या वाटेने काढता येतो, आणि तोही जुळतो. शिवाय २००६ मध्ये दोन दीर्घिकासमूहांच्या टकरीचा अभ्यास झाला. तिथे साध्या द्रव्याचा मोठा भाग असलेला वायू मध्ये अडकून मागे राहिला होता, आणि त्या समूहांच्या पलीकडे दूर असलेल्या दीर्घिकांचा प्रकाश ज्या वजनाने वाकत होता, ते वजन वायूला सोडून पुढे गेलेले दिसले. मात्र असे कण पकडण्यासाठी जमिनीखाली खोल बसवलेल्या, द्रवरूप झेनॉन वायूच्या टाक्यांत या द्रव्याचा एकही कण आजवर निर्विवादपणे सापडलेला नाही. राइन्स आणि काउअन यांची पायरी अजून यायची आहे.

तू पत्राच्या शेवटी विचारले आहेस, की मी हे मत कशाने सोडीन. टाक्या रिकाम्या राहिल्या एवढ्याने सोडणार नाही. त्याने फक्त एकेक प्रकारचा कण यादीतून जाईल. पण उद्या कोणी गुरुत्वाकर्षणाचे असे गणित मांडले, की ज्यातून दीर्घिकांचे वेग, त्या प्रारणातले चढउतार आणि त्या टकरीतले वजन हे तिन्ही, दर ठिकाणी वेगळी डागडुजी न करता, बुधाच्या ४३ विकलांसारखे आपोआप निघतील, तर कृष्णद्रव्य व्हल्कनच्या शेजारी ठेवायला मी तयार आहे, आणि ते तुला पत्राने आधी कळवीन.

तुझे यावर काय म्हणणे आहे ते सविस्तर लिही. विशेषतः त्या टकरीच्या पुराव्यात तुला कुठे फट दिसली, तर ती लपवू नकोस.

तुझा,
जुना मित्र